सर्व्हेची फाइल मॉडेलमध्ये नेण्याआधी

पुण्यातल्या एका प्लॉटच्या कोपऱ्यात हद्दीचा दगड आहे असे धरू. सर्व्हेअरच्या फाइलमध्ये त्याचा पत्ता तीन आकड्यांत असतो: ईस्टिंग ३,७९,४१२.३८६, नॉर्दिंग २०,४८,१५७.९०२ आणि उंची ५६२.३५०. सगळे मीटरमध्ये. नॉर्दिंग म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेकडचे अंतर, इथे सुमारे २,०४८ किलोमीटर. ईस्टिंग मोजताना ७५ अंश पूर्व रेखावृत्ताला ५,००,००० हा आकडा दिलेला असतो. आपला दगड त्या रेषेच्या पश्चिमेला १२० किलोमीटरवर, म्हणून आकडा पाच लाखांच्या आत. उंची समुद्रसपाटीपासूनची. हे तीन आकडे हातात असले की उद्या दगड कोणी उपटून फेकला तरी त्याची जागा पुन्हा सापडते.

आर्किटेक्टच्या ऑफिसात ही फाइल येते ती मात्र चित्र म्हणून. ऑटोकॅडमध्ये उघडली की हिरव्या गोलांची झाडे, तपकिरी काँटूर म्हणजे समान उंचीच्या रेषा, रस्त्याच्या कडा, ड्रेनेजचे चेंबर, विजेचे खांब आणि या सगळ्यावर मुंग्यांसारखे पसरलेले लेव्हलचे आकडे. ती ‘क्लीन’ करायचे काम बहुधा सगळ्यात नवीन मुलाकडे किंवा मुलीकडे जाते, आणि क्लीन करणे म्हणजे नको ते पुसणे, इतकेच सांगितलेले असते. खरे तर पुसण्याचा भाग सगळ्यात सोपा. अवघड आहे ते आकडे जपणे. रेव्हिट किंवा आर्किकॅडसारखे इमारतीचे मॉडेल करणारे सॉफ्टवेअर चित्र पाहत नाही, ते आकडे वाचते. आणि चित्र जसेच्या तसे दिसत असतानाही आतले आकडे पार बिघडलेले असू शकतात.

सर्व्हेअरच्या बाजूने पाहिले तर त्याची फाइल चुकीची नसते. त्याला साइटवर टोटल स्टेशन लावून, मदतनिसाच्या हातातल्या प्रिझमवर नेम धरून शेकडो पॉइंट घ्यायचे असतात. ऑफिसात येऊन ते जोडायचे असतात आणि शेवटी ए-वन कागदावर नीट वाचता येईल असा नकाशा द्यायचा असतो. कागदासाठी म्हणून तो चौकट घालतो, टायटल ब्लॉक टाकतो, एका कोपऱ्यात परिसराचे उपग्रहचित्र चिकटवतो, आणि प्लॉट कागदावर आडवा बसावा म्हणून कधी सगळा नकाशाच फिरवतो. शेवटची गोष्ट घातक. दृश्य फिरवले असेल तर हरकत नाही, पण रेषाच फिरवल्या असतील तर प्रत्येक बिंदूचा पत्ता बदललेला असतो. म्हणून सर्व्हेची फाइल मागताना सोबत टोटल स्टेशनमधून निघालेली पॉइंटची मूळ यादीही मागून घ्यावी. नकाशातल्या दोन दूरच्या दगडांवर क्लिक करून त्यांचे आकडे यादीशी ताडून पाहिले की फिरवाफिरवी झाली आहे की नाही ते मिनिटभरात कळते. यादी द्यायला सर्व्हेअर नाही म्हणत नाहीत. मागणारेच कमी असतात.

आता अंतराची अडचण. रेव्हिटचा स्वतःचा एक शून्यबिंदू असतो, त्याला इंटर्नल ओरिजिन म्हणतात. तो हलवता येत नाही. मॉडेलमधली प्रत्येक भिंत, प्रत्येक कॉलम त्याच्यापासून मोजला जातो, आणि सॉफ्टवेअरची अट अशी की सगळे काम त्या बिंदूपासून साधारण १६ किलोमीटरच्या आत असावे. आपला दगड तर सर्व्हेच्या शून्यापासून दोन हजार किलोमीटरवर. फाइल आहे तशी, ओरिजिनला ओरिजिन जुळवून आत घ्यायला गेले की सॉफ्टवेअर तक्रार करते किंवा ती भलतीकडेच नेऊन ठेवते. दूरवर काही बसलेच, तर रेषा दातेरी दिसू लागतात, गोल कडा तुटतात आणि स्नॅप हव्या त्या टोकाला लागत नाही.

याचे कारण संगणक दशांश संख्या कशा साठवतो त्यात आहे. एका पद्धतीत ३२ बिट खर्च होतात आणि त्यात साधारण सात अंकांपर्यंत अचूकता मिळते. दुसरीत ६४ बिट, आणि पंधरा-सोळा अंक. ऑटोकॅड आपले आकडे ६४ बिटांत ठेवते, त्यामुळे फाइलमध्ये दगडाचा पत्ता शाबूत असतो. पण पडद्यावर चित्र उमटवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे, आणि वेगासाठी ते बहुतेक हिशेब ३२ बिटांत उरकते. २०,४८,१५७.९०२ या आकड्यात दहा अंक आहेत. ३२ बिटांत एवढ्या मोठ्या संख्या एकेक अष्टमांश मीटरच्या पायरीनेच लिहिता येतात. २०,४८,१५७.८७५ लिहिता येतो, त्यानंतरचा थेट २०,४८,१५८.०००. मधे काहीच नाही. आपला दगड २७ मिलिमीटर सरकून खालच्या पायरीवर जाऊन बसतो. साडेचार इंची भिंत ११५ मिलिमीटरची, म्हणजे एका पायरीपेक्षाही बारीक. तिच्या दोन्ही बाजू एकाच आकड्यावर आल्या तर पडद्यावर भिंतीची नुसती रेघ उरते. मीटरऐवजी मिलिमीटर वापरून यातून सुटका होत नाही. संख्या हजारपट मोठी झाली की पायरीही वाढते, आणि दोन अब्जांच्या घरात ती १२८ मिलिमीटरची होते.

उपाय म्हणजे प्लॉट शून्याजवळ आणणे. तो कसा आणायचा यावरून ऑफिसा-ऑफिसांत मतभेद आहेत. पुष्कळ जण प्लॉटचा खालचा डावा कोपरा पकडून बरोबर शून्यावर आणतात. दिसायला छान दिसते, पण त्यासाठी ईस्टिंगमधून ३,७९,३५८.७१४ असे काहीतरी वेडेवाकडे वजा झालेले असते. ते कुठे लिहून ठेवले नाही, आणि सहसा नसतेच, तर प्लॉटचा पत्ता त्या क्षणी हरवला म्हणून समजा. त्यापेक्षा गोल आकडा वजा करावा: ईस्टिंगमधून ३,७९,००० आणि नॉर्दिंगमधून २०,४८,०००. दगड ४१२.३८६ आणि १५७.९०२ वर येतो. शेवटचे सहा अंक मूळ यादीतलेच राहतात, त्यामुळे कोणीही कागदावर नजर टाकून तपासू शकतो. वजा केलेले दोन आकडे फाइलच्या नावात, नकाशाच्या एका कोपऱ्यात आणि मॉडेलच्या पहिल्या शीटवर लिहावेत.

रेव्हिटमध्ये हे नाते अधिकृतपणे नोंदवण्याची सोयही आहे. इंटर्नल ओरिजिनव्यतिरिक्त त्यात सर्व्हे पॉइंट नावाची खूण असते. सर्व्हेची लिंक केलेली फाइल दाखवून ‘कोऑर्डिनेट घे’ अशी आज्ञा दिली, किंवा एका बिंदूचे खरे आकडे हाताने भरले, की सॉफ्टवेअर मनाशी दोन पत्ते ठेवते. आत सोयीचा छोटा पत्ता, बाहेर सांगायला खरा. उत्तर दिशेचेही तसेच. इमारत कागदावर सरळ दिसावी म्हणून प्रोजेक्ट नॉर्थ वेगळा आणि ट्रू नॉर्थ वेगळा ठेवता येतो. सर्व्हे न फिरवता नुसते दृश्य फिरते. इतकी चांगली सोय असून निम्मे लोक सर्व्हेच फिरवून मोकळे होतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

आणखी एक पत्त्याचा घोळ विदर्भातल्या मंडळींना माहीत असेल. हे मीटरमधले आकडे ज्या पद्धतीचे, तिच्यात पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडलेले असतात, आणि महाराष्ट्र दोन पट्ट्यांत विभागला जातो. ७८ अंश पूर्व रेखावृत्ताच्या पश्चिमेला पट्टा क्रमांक ४३, पूर्वेला ४४. अमरावती ४३ मध्ये, नागपूर ४४ मध्ये. प्रत्येक पट्ट्यात ईस्टिंग नव्याने मोजली जाते. नागपूरहून मुंबईकडे येणारा समृद्धी महामार्ग वाटेत ही रेषा ओलांडतो. अशा कामात पट्टा न लिहिलेला आकडा निरुपयोगी असतो.

जुन्या टोपोशीटवरून काही घेतले असेल तर पट्ट्याच्याही आधी डेटम, म्हणजे मोजणीचा पाया, विचारावा लागतो. भारताचे जुने नकाशे एव्हरेस्ट नावाच्या लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका गणिती प्रतिकृतीवर, बेतलेले आहेत. ते गणित १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली पायारेषा मोजणाऱ्या विल्यम लॅम्बटनच्या त्रिकोणीय सर्वेक्षणातून पुढे आले. हा लॅम्बटन १८२३ मध्ये काम चालू असतानाच हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे. सध्याची जीपीएसची उपकरणे डब्ल्यूजीएस-८४ या वेगळ्या लंबगोलावर चालतात. दोन्हींत एकाच जागेच्या पत्त्यात शंभर मीटरांहून अधिक तफावत पडू शकते. जुनी ओढ्याची रेषा नव्या सर्व्हेवर टाकली आणि ओढा शेजारच्या सोसायटीतून वाहू लागला, तर आधी हे तपासावे.

उलट टोकाला छोट्या प्लॉटचे सर्व्हे. तिथे सर्व्हेअर पहिल्या स्टेशनला सरळ १०००, १०००, १०० असे मानीव आकडे देतो आणि कामाला लागतो. शेजारच्या कंपाउंडच्या पायरीवर किंवा डीपीच्या ओट्यावर रंगाने खूण करून तिथे टीबीएम, म्हणजे तात्पुरता बेंचमार्क, १००.००० लिहितो. एका बंगल्यासाठी यात काही बिघडत नाही. दुसऱ्या टप्प्यासाठी दुसरा सर्व्हेअर आला, त्यानेही १०००, १००० पासूनच सुरुवात केली, आणि दोन्ही फाइली एकावर एक ठेवल्या गेल्या, की मग मजा. निदान दोन हद्दीचे दगड दोन्ही सर्व्हेंत सामाईक असल्याशिवाय ते सांधता येत नाहीत.

एककांबद्दल थोडक्यात. सर्व्हे मीटरमध्ये, आर्किटेक्टचे काम मिलिमीटरमध्ये, आणि फाइलच्या सेटिंगमध्ये कधी इंच, कधी काहीच नाही. एकक ‘आपोआप ओळख’ म्हणून सोडले तर ६० मीटरचा प्लॉट ६० मिलिमीटरचा किंवा ६० इंचांचा होऊन येतो. एक ज्ञात अंतर मोजून पाहिले की भागते. पुण्या-मुंबईत बसून अमेरिकेतल्या इमारतींची मॉडेल करणाऱ्यांना मात्र याचा एक सूक्ष्म प्रकार भेटतो. अमेरिकेत दोन फूट होते, आंतरराष्ट्रीय फूट आणि सर्व्हे फूट, आणि त्यांत दर दहा लाखाला दोन इतकाच फरक. वीसेक फुटांच्या खोलीत तो सात जन्मांत कळणार नाही. पण तिकडचे कोऑर्डिनेट वीस-वीस लाख फुटांत असतात, आणि तेवढ्यावर हा फरक चार फुटांचा होतो. २०२२ च्या अखेरीस सर्व्हे फूट अधिकृतपणे मोडीत काढला गेला. जुन्या फाइली अर्थातच राहिल्या.

आता उंची. सगळ्यात जास्त गफलत इथे होते. सर्व्हेच्या नकाशात एका बिंदूशेजारी ५६२.३५० असे लिहिलेले असते. माणूस ते वाचतो आणि जमीन किती उंच ते समजतो. सॉफ्टवेअरला ते फक्त अक्षर दिसते. तो बिंदू खरोखर ५६२.३५० मीटर उंचीवर ठेवलेला आहे की सपाट शून्यावर, हे वेगळे पाहावे लागते. पाहण्याची युक्ती सोपी: ऑटोकॅडमध्ये नकाशा वरून बघायचे सोडून समोरून, म्हणजे फ्रंट व्ह्यूमध्ये बघायचा. काँटूरना खरी उंची असेल तर एकावर एक आडव्या रेघांची चळत दिसते. सगळे काँटूर एकाच रेघेत चपटे झालेले दिसले तर कोणीतरी फाइल ‘फ्लॅटन’ करून पाठवली आहे. आणि बहुतेक रेघा ५६० च्या आसपास असून दोन-चार ठिपके खाली शून्यावर लोंबत असतील, तर त्या बिंदूंना उंची द्यायची राहून गेली. तसेच मॉडेलमध्ये नेले तर हिरवळीच्या मधोमध साडेपाचशे मीटर खोल विहीर तयार होते. ही चूक निदान दिसते तरी. ५६२.३५ च्या जागी ५६३.३५ टाइप झाले असेल तर ते कोणाच्या डोळ्यात येत नाही, आणि पार्किंगचा रॅम्प त्या खोट्या मीटरवर आखला जातो.

बिंदूंवरून जमीन कशी तयार होते तेही समजून घेण्यासारखे आहे. सॉफ्टवेअर जवळजवळच्या तीन-तीन बिंदूंचे त्रिकोण जोडत जाते. त्रिकोण शक्यतो लांबुडके होऊ नयेत असे ते निवडायची रीत १९३४ मध्ये रशियन गणिती बोरिस डेलोने यांनी मांडली, आणि आजही तीच चालते. उघड्या उतारावर ती उत्तम काम करते. नाल्यावर फसते. नाल्याच्या दोन्ही काठांवर पॉइंट दाट घेतलेले असतात, तळात पाणी किंवा झुडपे म्हणून विरळ. मग त्रिकोण या काठावरून थेट त्या काठावर जातो आणि नाल्यावर मातीचा पूल पडतो. रिटेनिंग वॉलचे तसेच: वरची कडा आणि खालची कडा यांचे बिंदू सरमिसळ जोडले गेले की तीन मीटरची उभी भिंत पसरट उतार होऊन बसते. सर्व्हेअरच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी ब्रेकलाइन असते, ‘या रेषेच्या आरपार त्रिकोण जोडू नकोस’ असा हुकूम देणारी रेषा. रेव्हिटमध्ये नुसते बिंदू नेले तर हा हुकूम मागेच राहतो. २०२४ च्या आवृत्तीपासून तिथे जमिनीसाठी टोपोसॉलिड हा नवा प्रकार आला, पण नुसत्या बिंदूंवरून नाल्याची कडा त्यालाही कळत नाही. म्हणून नाल्याच्या आणि भिंतीच्या कडांवर बिंदू मुद्दाम दाट करून घ्यावे लागतात. सपाट मैदानावरचे मात्र निम्मे काढून टाकले तरी काही बिघडत नाही. काँटूरच्या रेषांवर दर वीतभर अंतरावर बिंदू असतात. सगळे नेले तर जमीन अधिक अचूक होत नाही, फक्त मॉडेल कूर्मगतीने चालू लागते.

प्लॉटच्या हद्दीबाहेरही हे त्रिकोण पसरतात. इंग्रजी एल आकाराच्या प्लॉटमध्ये खाचेतली शेजाऱ्याची जमीन सॉफ्टवेअर आपल्या मनाने भरून काढते. तिथे कोणी पॉइंट घेतलेलाच नसतो. काँटूर मात्र इतके सुबक दिसतात की कोणाला शंका येत नाही.

बिंदूंची यादी थेट मॉडेलमध्ये भरताना एक सापळा आहे. सर्व्हेअरच्या यादीत क्रम असतो: पॉइंटचा नंबर, नॉर्दिंग, ईस्टिंग, उंची, वर्णन. रेव्हिटला हवा असतो एक्स, वाय, झेड, म्हणजे ईस्टिंग आधी. नंबरचा रकाना तेवढा काढून बाकी तसेच दिले की नॉर्दिंग-ईस्टिंगची अदलाबदल होते आणि जमीन आरशात पाहिल्यासारखी उलटी येते. उंच-सखलपणा बरोबर, क्षेत्रफळ बरोबर, फक्त डावीकडचा उतार खालच्या बाजूला. सपाटसर प्लॉटवर हे कित्येक दिवस लक्षात येत नाही, आणि तोवर पावसाच्या पाण्याचा निचरा भलत्याच दिशेला काढून झालेला असतो.

उंचीचा शून्य कुठला, हा प्रश्न मुंबईत फार महागात पडतो. तिथे महापालिकेच्या कामात लेव्हल टाउन हॉल डेटमवर दिल्या जातात, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीच्या इमारतीशी बांधलेल्या. या डेटमचा शून्य समुद्रसपाटीच्या सुमारे २४ मीटर खाली आहे, त्यामुळे समुद्रालगतच्या रस्त्याची लेव्हलही पंचविसाच्या पुढे दिसते. ड्रेनेजची लेव्हल टाउन हॉलवर आणि प्लॉटचा सर्व्हे समुद्रसपाटीवर असला तर दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतात, पण एका शीटवर आले की हाहाकार. जीपीएसच्या उपकरणातून आलेल्या कच्च्या उंचीचेही तेच. ते उपकरण गणितातल्या गुळगुळीत लंबगोलापासून उंची मोजते, आणि पश्चिम महाराष्ट्रात समुद्रसपाटीचे पृष्ठ त्या लंबगोलाच्या साठ मीटरांहून जास्त खाली आहे. पुण्यातला ५६० मीटरवरचा प्लॉट कच्च्या आकड्यांत ४९५ च्या आसपास दिसला तर उपकरण बिघडलेले नाही, दुरुस्ती लावायची राहिली आहे. यासाठी फाइलमध्ये एक ओळ पुरते: लेव्हल कशावर आहेत आणि बेंचमार्क कुठला. ती ओळ नसेल तर काम सुरू करू नये, इतका मी या बाबतीत हटवादी आहे.

पुसण्याचे काम एका परिच्छेदात आटोपते. मूळ फाइल हात न लावता बाजूला ठेवावी आणि प्रतीवर काम करावे. सर्व्हेअरने सिव्हिल थ्रीडी वापरले असेल तर त्यातल्या खास वस्तू साध्या ऑटोकॅडमध्ये नीट उघडत नाहीत, म्हणून साध्या रेषांत बदललेली प्रत त्याच्याकडूनच घ्यावी. चौकट, टायटल ब्लॉक, चित्रे आणि हॅच काढावीत. कुठे तरी दूर पडलेला एखादा चुकार ब्लॉक असतोच, तो शोधून उडवावा, कारण त्या एकामुळे फाइलचा पसारा शेकडो किलोमीटर भरतो. एकावर एक पडलेल्या रेषा ओव्हरकिल या आज्ञेने जातात, रिकामे लेयर पर्ज या आज्ञेने. मग ती मॉडेलमध्ये लिंक करावी, इम्पोर्ट नाही. इम्पोर्ट केलेल्या फाइलचे लेयर आणि रेषांचे प्रकार मॉडेलमध्ये कायमचे ठाण मांडतात, आणि ती एक्स्प्लोड केली तर कचरा घरभर होतो. दहा हजारांहून जास्त तुकडे असले तर रेव्हिट एक्स्प्लोड करतच नाही, आणि पाऊण मिलिमीटरहून आखूड रेषा ते ठेवून घेत नाही. दोन्ही नियम आपल्या भल्याचे आहेत.

काय पुसू नये, हे मात्र सांगायला हवे. झाडांचा लेयर दिसायला गर्दीचा म्हणून आधी उडतो. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे, आणि परवानगीच्या वेळी प्रत्येक बुंध्याचा हिशेब मागितला जातो. बेसमेंटच्या खोदाईत कुठला बुंधा येतो ते मॉडेलमध्येच कळलेले बरे. चेंबरच्या झाकणाची आणि आतल्या पाइपच्या तळाची लेव्हल, उच्चदाब तारांची उंची, आणि सर्व्हेअरची स्वतःची स्टेशने हीसुद्धा ठेवायची. स्टेशनचे त्रिकोणी चिन्ह आर्किटेक्टला निरर्थक वाटते, पण पुढे साइटवर परत जाण्याचे तेच दार असते.

हद्दीच्या बाबतीत पुसण्यापेक्षा जोडण्याचा मोह जास्त वाईट. प्लॉटला सहसा तीन हद्दी असतात. भूमी अभिलेखच्या मोजणीची ‘क’ प्रत सांगते ती एक, जागेवर कंपाउंड आहे ती दुसरी, आणि सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरच्या क्षेत्राला जुळेल अशी मनातली तिसरी. जुन्या टिपणांतली मापे साखळी-आण्यांत असतात. शंकू साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा जवळजवळ दोन फुटांचा. अशा मापातून कागदावर उतरलेली, पुढे स्कॅन होऊन आलेली रेषा टोटल स्टेशनच्या रेषेवर तंतोतंत बसावी, ही अपेक्षाच चुकीची. तरी कोणीतरी स्कॅन थोडे ताणतो, सर्व्हे थोडा मोठा करतो आणि क्षेत्र जुळवून देतो. सर्व्हे ताणला की त्यातले प्रत्येक अंतर खोटे होते. एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीच्या नमुन्यात मालकीची कागदपत्रे, मोजणी आणि प्रत्यक्ष जागा अशी तिन्ही क्षेत्रे लिहून त्यांतले कमीत कमी धरायचे असते. म्हणजे तफावत आहे हे शासनानेच गृहीत धरले आहे, आपण ती लपवण्याचे कारण नाही. तिन्ही हद्दी तीन लेयरवर, बंद पॉलिलाइनमध्ये काढाव्यात. परवानगीच्या ऑटोडीसीआरसारख्या प्रणालीलाही हद्दीची रेषा बंदच लागते, एका मिलिमीटरची फट राहिली तरी क्षेत्र निघत नाही.

सुधारित सर्व्हे येतो तेव्हा या सगळ्याची परीक्षा होते, आणि तो येतोच. रस्तारुंदीची रेषा बदलते, शेजारी भिंत पाडतो, पावसाळ्यात नाल्याचा काठ ढासळतो. आधीच्या फाइलवर काय केले ते लिहून ठेवले असेल तर नवी फाइल त्याच दोन गोल आकड्यांनी सरकवून, जुन्याच नावाने ठेवून लिंक रीलोड केली की ती जागच्या जागी बसते. लिहिलेले नसेल तर कोणीतरी कंपाउंडचा कोपरा कोपऱ्यावर डोळ्याने जुळवतो, आणि कंपाउंडच बदललेले असते.

मॉडेल तयार झाले की आकडे उलट दिशेने प्रवास करतात. कॉलमच्या मध्यबिंदूंची यादी निघते, तिच्यात वजा केलेले ३,७९,००० आणि २०,४८,००० परत मिळवले जातात आणि सर्व्हेअर ती टोटल स्टेशनमध्ये भरून साइटवर लाइनआउट देतो, म्हणजे कॉलमच्या जागा आखून देतो. त्याआधी मॉडेलमध्ये दोन दूरचे दगड घेऊन त्यांचे आकडे आणि त्यांमधले अंतर मूळ यादीशी ताडून पाहावे. दूरचे एवढ्यासाठी की एकाच दगडावर तपासले तर फिरलेला सर्व्हेही बरोबर दिसतो. मोठ्या प्लॉटवर तरीही टेप आणि मॉडेल यांचे जमत नाही. पट्ट्याच्या मध्यरेषेवर हे कोऑर्डिनेट मुद्दामच दर किलोमीटरला ४० सेंटीमीटर आखूड धरलेले असतात. मध्यरेषेपासून १२० किलोमीटर दूर असलेल्या पुण्यात ही आखूडता २२ सेंटीमीटरपर्यंत येते आणि शहराच्या उंचीमुळे तीत आणखी आठएक सेंटीमीटरची भर पडते. तीनशे मीटर लांब प्लॉटवर हा फरक नऊ सेंटीमीटरचा होतो. सर्व्हेअरने अंतरे जमिनीवरची दिली आहेत की ग्रिडवरची, म्हणजे या आखूड कोऑर्डिनेटवरून काढलेली, आणि ग्रिडवरची असतील तर स्केल फॅक्टर किती धरला, हे त्याच्याकडून लिहून घ्यावे आणि तो आकडा कॉलमच्या यादीच्या वर छापावा. लाइनआउटच्या दिवशी टेप धरणारा मुकादम तीच शीट हातात घेऊन उभा असतो.